पत्र्याखालच्या ट्रंकेतल्या वाकड्या तबकड्या

पंचवटीतला एक जुना वाडा पाडायला काढला, तेव्हा पोटमाळ्यावरची लोखंडी ट्रंक खाली उतरली. आत तीन एलपी आणि लाखेच्या दहा इंची तबकड्यांची एक चळत. सगळ्या आडव्या रचलेल्या, आणि चळतीच्या एकाच अंगावर जमाखर्चाच्या जुन्या वह्यांचा गठ्ठा. वर पत्रा. नाशिकचा एप्रिल-मे ४० अंशांच्या पुढे जातो. तापलेल्या पत्र्याखाली, बंद ट्रंकेत, पारा याच्या बराच वर जात असणार. असे कित्येक उन्हाळे त्या तबकड्यांनी काढले होते.

तबकड्यांचे मालक नोटप्रेसमधून निवृत्त झालेले एक काका. आता जेलरोडला राहतात. संग्रह त्यांच्या वडिलांचा. त्यात शास्त्रीय गायक द. वि. पलुस्करांच्या तबकड्या जास्त, आणि पंचवटीतल्या घरात त्या असणं साहजिकच. पलुस्करांचे वडील विष्णु दिगंबर यांचा रामनाम आधाराश्रम पंचवटीतलाच. मुलगा दत्तात्रेय, म्हणजेच द. वि., पुढे विनायकराव पटवर्धन आणि नारायणराव व्यासांकडे शिकला, आणि १९५५ साली अवघ्या ३४व्या वर्षी गेला. त्यांचं बरंचसं गाणं ७८च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या तबकड्यांवर आहे ते त्यामुळेच. बाजूला जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटं, त्यात राग मांडून मोकळं व्हायचं.

काकांनी पिशवी माझ्या टेबलावर ठेवली आणि विचारलं, “ताई, सरळ होतील का या?” तोवर त्यांना बरेच सल्ले मिळालेले होते. कोणी म्हणालं जाड कापड ठेवून इस्त्री फिरवा, कोणी म्हणालं गरम पाण्यात बुडवा. पुतण्याचा तर एका एलपीवर प्रयोग करूनही झाला होता. त्याची हकीकत पुढे येईल. मी त्यांना सांगितलं की आधी वाजतात का ते बघू, सरळ करायचं नंतर ठरवू. काकांना हे फारसं रुचलं नाही. वाकडी वस्तू समोर दिसत असताना ती सरळ न करणं म्हणजे काम टाळणं, असं त्यांना वाटलं असावं.

माझं मत मात्र अजूनही तेच आहे. रेकॉर्ड वाकडी असणं ही एक तक्रार, न वाजणं ही वेगळी. उष्णता देऊन सपाट करणं हा असा उपाय आहे की फसला तर मागे फिरता येत नाही. म्हणून तो शेवटी.

तपासणी साध्या सामानाने झाली. सपाट काचेवर तबकडी ठेवायची, पोलादी पट्टीने कड किती उचलली आहे ते मोजायचं, आणि तो उंचवटा परिघावर किती लांब पसरला आहे तेही टिपायचं. ही दुसरी नोंद बहुतेक लोक घेत नाहीत, आणि खरं महत्त्व तिलाच आहे. दोन मिलिमीटरचा उंचवटा अर्ध्या परिघावर पसरलेला असेल तर सुई त्याच्यावरून आरामात जाते. तोच चार बोटांच्या जागेत असेल तर सुई हवेत उडते.

पहिली एलपी पूर्णच बशीसारखी झाली होती. एका बाजूने मध्यभाग वर, उलटी केली की कडा वर, फरक २ मिलिमीटर. दिसायला ही सगळ्यात वाईट आणि प्रत्यक्षात सगळ्यात सोपी. कड सगळीकडे सारखीच उचललेली असल्यामुळे फिरताना सुईला वर-खाली व्हावंच लागत नाही, फक्त तिचा कोन किंचित बदलतो. अडचण एवढीच, की कडा वर असलेल्या बाजूला तबकडी मधल्या छोट्या भागावरच टेकते आणि नमद्याच्या मॅटवर घसरते. मॅट रबराची घातली, फुगीर बाजूला मध्यभागी दाबणारा स्क्रूचा क्लॅम्प लावला, आणि विषय संपला. तिला उष्णता दाखवलीच नाही.

दुसरी एलपी नाट्यसंगीताची, आणि खरं प्रकरण हिचंच. कडेला एकाच जागी ५ मिलिमीटरचा उंचवटा, परिघावर साधारण १० सेंटीमीटर पसरलेला. वह्यांच्या गठ्ठ्याची कड नेमकी तिथेच आली असावी. टर्नटेबलवर लावली की पहिल्या गाण्यात दर फेरीला सुई उडून पुढच्या खाचेत पडायची. आतली गाणी ठीक, कारण उंचवटा आत येता येता विरत गेला होता.

काका म्हणाले, “तेव्हाही थोडी उचललेली होतीच की. आमच्या फिएस्टावर वाजायची.” यात खोटं काहीच नव्हतं. एचएमव्हीच्या फिएस्टासारख्या पेटीवजा प्लेअरमधलं सिरॅमिक कार्ट्रिज, म्हणजे सुई बसवलेला भाग, रेकॉर्डवर पाच-सहा ग्रॅम किंवा त्याहूनही जास्त भार टाकायचं. माझ्याकडे ऑडिओ-टेक्निकाचं व्हीएम९५ई आहे, त्याला २ ग्रॅम लागतो. हा फरक इथे निर्णायक ठरतो.

त्याचं गणित अवघड नाही, आणि मला ते सांगायला आवडतं. उंचवट्यावर चढताना सुईची काळजी नसते, रेकॉर्डच तिला वर ढकलते. घोळ उतरताना होतो. रेकॉर्ड खाली जाते त्याच वेगाने सुई धरणाऱ्या हातालाही (टोनआर्म) खाली पडावं लागतं, आणि त्याला खाली ओढणारं बळ म्हणजे फक्त तो २ ग्रॅमचा भार. हात, त्याच्या टोकाचं हेडशेल आणि कार्ट्रिज यांचं मिळून परिणामी वस्तुमान १७ ग्रॅम धरलं, तर हात गुरुत्वाकर्षणाच्या जेमतेम आठव्या-नवव्या हिश्श्याने खाली येऊ शकतो. एलपीच्या बाहेरच्या खाचेत सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटीमीटर खाच सरकते, म्हणजे १० सेंटीमीटरचा उंचवटा एका सेकंदाच्या पाचव्या भागात पार होतो. एवढ्या वेळात ५ मिलिमीटर चढून उतरायचं तर गुरुत्वाकर्षणाचा चौथा हिस्सा तरी हवा. लागतो त्याच्या निम्माच हाताशी आहे. म्हणून सुई माथ्यावरून सुटते आणि पलीकडे कुठेतरी आपटते. फिएस्टाकडे पाच-सहा ग्रॅम होते, त्यामुळे तो पार व्हायचा. त्या भाराने खाचाही झिजवायचा, पण तेव्हा कोण बघत होतं.

या हिशेबातून दोन गोष्टी कळल्या. हाताच्या मागच्या टोकाचं वजन (काउंटरवेट) फिरवून भार २.२ ग्रॅमपर्यंत, म्हणजे कार्ट्रिजच्या मर्यादेपर्यंत नेला तरी भागणार नव्हतं. हेडशेलवर नाणं ठेवायची जुनी युक्तीही बाद, कारण नाणं भाराबरोबर वस्तुमानही वाढवतं आणि सुई धरणारी नाजूक दांडी (कँटिलिव्हर) दबून बसते. दुसरी गोष्ट जास्त उपयोगाची. उंचवटा पूर्ण घालवायची गरज नव्हती. तो दीड मिलिमीटरवर आला की सुई हातच्या बळातच उतरणार होती.

तरी गरम करण्याआधी मी काकांना विचारलं की हीच एलपी जुन्या बाजारात पाचशे-हजाराला मिळाली तर चालेल का. ते म्हणाले, “मिळेल हो. पण आमची नाही ना ती.” कव्हरवर वडिलांच्या हातची तारीख होती. असा प्रश्न एकदाच विचारायचा असतो.

आता कृती. आधी आतली सगळी गाणी संगणकावर उतरवून घेतली, म्हणजे पुढे काही बिघडलं तर निदान तेवढं हाती राहील. मग डिस्टिल्ड पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाकून, लेबल कोरडं ठेवून, रेकॉर्ड धुतली आणि पूर्ण वाळवली. धुण्याला इथे विशेष कारण आहे. काचेखाली धुळीचा एखादा कण राहिला, तर मऊ झालेल्या प्लॅस्टिकमध्ये तो कायमचा उमटतो.

काचा दोन, ८ मिलिमीटर जाडीच्या, तेरा इंच चौरस, कडा घासून घेतलेल्या. काचवाला टफन्ड काच घ्या म्हणून मागे लागला होता. ती घेतली नाही, कारण टफन करताना काच रोलरवरून जाते आणि तिच्यात अगदी हलक्या लाटा राहतात. साधी फ्लोट काचच जास्त सपाट. एलपीची कड आणि लेबलचा भाग खाचांपेक्षा थोडा उंच असतो, त्यामुळे काच तिथेच टेकते आणि खाचांना सहसा लागत नाही. पन्नासच्या दशकापासून तबकड्या अशाच घडवतात. हेतू असा, की एकावर एक पडल्या तरी खाचा घासू नयेत. आपल्याला त्याचा आयता फायदा.

उष्णतेसाठी घरातला ओटीजी वापरायचा नाही. त्याच्या बटणावरच्या आकड्यांवर खाली तर अजिबात भरवसा नाही, आणि तापलेल्या कांबीची आच सरळ काचेवर येते. मी प्लायवुडची पेटी केली. आत ६० वॅटचा जुना पिवळा बल्ब, संगणकातला एक छोटा पंखा, आणि अंडी उबवायच्या यंत्रात असतो तो डिजिटल थर्मोस्टॅट. नाशिक जिल्ह्यात पोल्ट्रीवाले इतके, की ही वस्तू शोधायला लागत नाही. बल्ब आणि काच यांच्यामध्ये पत्र्याचा आडोसा, म्हणजे एकाच जागी आच लागू नये.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे थर्मोस्टॅटचा सेन्सर पेटीच्या हवेत सोडायचा नाही. तो दोन काचांच्या मध्ये, रेकॉर्डच्या बाहेर उरलेल्या कोपऱ्यात सरकवायचा. दोन्ही काचा मिळून चार किलोंच्या वर भरतात. हवा पन्नासवर गेली तरी काचा बराच वेळ मागे असतात. हवेचं तापमान बघून कोणी म्हणतं “तासभर ठेवलं, काही झालं नाही”, आणि मग वाढवत वाढवत एकदम जास्त करून बसतं. एलपीचं प्लॅस्टिक, म्हणजे पीव्हीसी आणि व्हिनाइल ॲसिटेटचं मिश्रण, साठीच्या आसपास मऊ पडायला लागतं. मी काचांमधलं तापमान ५५च्या वर जाऊ दिलं नाही. तिथे दोन तास, मग बल्ब बंद आणि पेटी न उघडता रात्रभर तशीच. गरम असताना काच उचलली तर सगळी मेहनत वाया, रेकॉर्ड पुन्हा हवा तो आकार घेते. पहिल्या फेरीत उंचवटा अर्ध्यावर आला, पुढच्या फेरीनंतर दीड मिलिमीटरच्या खाली. त्यानंतर मी थांबले. आणखी एक फेरी केली असती तर डोळ्यांना बरं वाटलं असतं, कानांना फरक पडला नसता.

पहिलं गाणं आता पूर्ण वाजतं. पण वाकडेपणाची खूण राहिलीच. एलपीची एक फेरी १.८ सेकंदांची. दर १.८ सेकंदाला ऑर्गनचा लांब धरलेला सूर किंचित हेलकावतो. उंचवट्यावर सुई वर जाते तेव्हा ती खाचेच्या दिशेनेही केसभर पुढे-मागे सरकते, आणि वेग बदलल्यासारखा भास होतो. गंमत म्हणजे गायकाची तान सुरू झाली की हा हेलकावा ऐकू येत नाही, कारण सूर तसाही फिरता असतो. वाकड्या रेकॉर्डची परीक्षा घ्यायची तर तानपुरा, ऑर्गन, सनई अशी स्थिर सुराची जागा निवडावी. शिवाय स्पीकरचा पडदा आवाज नसतानाही आत-बाहेर डुलत होता. तो २० हर्ट्झखालचं कापणाऱ्या सबसॉनिक फिल्टरने थांबला.

तिसरी एलपी पुतण्याच्या प्रयोगातली. दोन काचांमध्ये ठेवून मे महिन्यात गच्चीवर, भर दुपारी. काळी वस्तू, वर काच, खाली तापलेला स्लॅब. काचेखाली ऊन अडकतं आणि तापमान कुठे जाईल त्याला धरबंद नसतो. रेकॉर्ड सपाट झाली, कडेला बारीक लाटा उठल्या, आणि आवाज बसला. तार सप्तकातला चमकदारपणा गेला, झांजा खसखसायला लागल्या. हे व्हायचंच होतं. लेबलजवळच्या खाचेत १० किलोहर्ट्झच्या आवाजाची एक लाट फक्त ०.०२ मिलिमीटर लांब असते. प्लॅस्टिक जरा सैल पडलं की आधी हीच नक्षी पुसट होते. जाड, खालचे सूर टिकतात, म्हणून पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं, वाजतेय की. हिच्यावर करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

राहिल्या ७८च्या तबकड्या. या लाखेच्या, म्हणजे लाख, दगडाची पूड आणि काजळी. कोलकात्याजवळच्या दमदमच्या कारखान्यातून साठच्या दशकातही अशा तबकड्या निघत होत्या. एलपीचं कोणतंच शहाणपण यांना लागू होत नाही. थंड असताना दाबली तर तुटते. स्पिरिटने पुसली तर लाख विरघळते, खाचांसकट. आणि मऊ व्हायला ५५ अंश लागतच नाहीत, चाळीस-पंचेचाळीसलाच ती आपल्या वजनाने लवायला लागते. नाशिकच्या उन्हाळ्यात घरातल्या भिंतीवर टेकवून ठेवलेली तबकडीही वाकते ती याचमुळे.

बहुतेकींना कडेला ४ मिलिमीटरपर्यंत उंचवटा होता, बारा-एक सेंटीमीटर लांब. ७८च्या जाड खाचेसाठी व्हीएम९५ मालिकेतलीच वेगळी सुई (स्टायलस) लावली, तिला ५ ग्रॅम भार लागतो. तरीही वाईट तबकड्यांवर सुई उडत होती, कारण वेग. तोच उंचवटा एलपीच्या ३३⅓ फेऱ्यांऐवजी ७८ला फिरवला की सुईकडून लागणारं बळ वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे साडेपाच पट वाढतं.

मग हेच उलटं वापरायचं. तबकडी ३३⅓ला वाजवायची, संगणकावर उतरवायची, आणि नंतर ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमध्ये वेग २.३४ पट करायचा. फार वाकड्या नसलेल्यांना ४५ पुरतो, तिथे १.७३३ पट. तीन मिनिटांची बाजू सात मिनिटं घेते, आणि त्या संथ वेगात पलुस्करांचा आवाज इतका खोल आणि लांबलेला येतो की काका अस्वस्थ होऊन म्हणाले, “हे बंद करा, नंतर बोलवा मला.” पण सुई एकदाही उडाली नाही.

या पद्धतीत दोन-तीन ठिकाणी सावध राहावं लागतं. कार्ट्रिजचा सिग्नल वाढवणाऱ्या फोनो स्टेजची आरआयएए दुरुस्ती (खालच्या-वरच्या सुरांचा तोल पूर्ववत करणारी) एलपीसाठी आणि खऱ्या वेगासाठी असते. म्हणून सिग्नल कोणत्याही दुरुस्तीशिवाय सरळ घ्यायचा आणि वेग वाढवल्यावर ७८ला योग्य अशी दुरुस्ती लावायची. विजेची ५० हर्ट्झची घरघर रेकॉर्डिंगमध्ये शिरली, तर वेग वाढवल्यावर ती ११७ हर्ट्झवर, पुरुषी आवाजाच्या ऐन घरात येऊन बसते. त्यामुळे अर्थिंग आधी नीट करायचं. आणि दोन्ही चॅनेल बेरजेने एकत्र करून मोनो करायचं. ७८ची खाच फक्त आडवी हलते, वाकडेपणा उभा असतो, आणि उभ्या हालचालीचे दोन चॅनेलमधले सिग्नल एकमेकांविरुद्ध असल्याने बेरजेत बरेचसे कटतात. वाकडेपणाची धडधड फुकटात कमी होते. हे ऐकून काकांचा चेहरा पहिल्यांदा खुलला. नोटप्रेसमध्ये यंत्रावर आयुष्य गेलेला माणूस, चुकीतून चूक वजा करणं त्यांना लगेच समजलं.

या चळतीतली एकच तबकडी सपाट केली. ती दोन बाजूंना वर, दोन बाजूंना खाली अशी पिळवटलेली होती, प्लॅटरवर नीट बसतच नव्हती. एकाच काचेवर ठेवून, वर काहीही न ठेवता, पेटी ४५ अंशांवर. दर दहा-पंधरा मिनिटांनी दार किलकिलं करून बॅटरीने कडेखालची फट बघायची. बराच वेळ काहीच घडत नाही, आणि मग एका तपासणीत फट नाहीशी झालेली असते. त्या क्षणी दुसरी काच हलक्या हाताने वर ठेवायची आणि बल्ब बंद करायचा. केसासारखी चीर गेलेल्या दोन तबकड्या होत्या, त्यांना पेटीजवळही नेलं नाही. उष्णतेने चीर रुंदावते आणि त्या संथ वेगात तशाही वाजत होत्या.

सगळं परत देताना काकांना ठेवण्याची जागा बदलायला सांगितली. नव्या घरातला माळा नको, पश्चिमेकडची भिंत नको. गोदरेजच्या कपाटात खालच्या कप्प्यात, उभ्या, फार सैल नाही आणि फार घट्टही नाही. एलपी आणि लाखेच्या वेगळ्या, कारण लाखेच्या जड असतात आणि शेजारणीवर रेलतात. आतली प्लॅस्टिकची पिशवी काढून साधा कागद.

बाकी पेनड्राइव्ह दिला तो गाडीत चालेना. २४ बिटच्या फाइली गाडीचा स्टिरिओ वाचत नव्हता. त्याच गाण्यांच्या एमपीथ्री करून दिल्या, मूळ फाइली वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवल्या, आणि काकांना बजावलं की पुतण्याने जागा मोकळी करायला म्हणून तो फोल्डर उडवला तर चालणार नाही.